गुलालाचं प्यादं

आमच्या वासुदेवकाकांना वजिराचा तिटकारा आहे. बुद्धिबळाच्या पटावर सगळ्यात ताकदीचा मोहरा वजीर. सरळ जातो, तिरपा जातो, वाट मोकळी असेल तितका लांब जातो. नेमका तोच ह्या माणसाला डोळ्यांसमोर नको असतो. "वजिरानं मात केली त्यात काय मर्दुमकी?" असं ते विचारतात. "कोतवालानं कोंबडी पकडल्यावानी हाय थे. मारायचं त प्याद्यानं मारा." हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस आमच्या अड्याळ गावात सापडायचा नाही. मी तर त्यांचा सख्खा पुतण्या, मंगेश. बसस्टँडसमोर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि काका रोज तिथंच चहाला येऊन बसतात. माझे कान किती किटले असतील ते तुम्हीच ठरवा.

काकांचा डाव देशी. देवळाजवळच्या पारावर आमच्याकडे अजून तोच चालतो. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. किल्लेकोट नाही, राजाला अख्ख्या डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येते, तेवढीच त्याची सोय. आणि समजा, समोरच्या राजाला शह नाही, पण त्याची चहूकडून कोंडी झाली, त्याच्याकडे एकही चाल उरली नाही, तर ज्यानं कोंडी केली त्यानं आपली चाल मागे घ्यायची आणि राजाला वाट करून द्यायची. ह्याला पारावर 'वाट देणं' म्हणतात. बाकीच्या जगात असले लाड नाहीत. तिथं अशी कोंडी झाली की डाव बरोबरीत सुटला. मग तुमच्याकडे वजीर असो की दोन हत्ती असोत, जिंकलेला डाव मातीत जातो.

शिवाय आमच्याकडे गुलालाची रीत आहे. दिवाळी झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरते, दंडारीचा नाच होतो, रात्री नाटक असतं, सासरी गेलेल्या लेकी येतात. त्या दिवशी पारावर पट मांडला की ज्याला स्वतःचा फार भरवसा असतो तो आपल्या एका प्याद्याला गुलाल लावतो. म्हणजे, मात करीन तर ह्याच प्याद्यानं. ते प्यादं मेलं तर तो हरला. दुसऱ्या कोणत्याही मोहऱ्यानं मात केली तरी हरला तोच.

काकांनी फार वर्षांपूर्वी असा एक डाव जिंकला होता. समोर आंधळगावचे लक्ष्मणराव, धानाचे व्यापारी, खेळात नावाजलेले. काकांनी प्यादं लाल केलं आणि त्याच प्याद्यानं लक्ष्मणरावांच्या राजाला कोपऱ्यात मारलं. लोकांनी काकांना खांद्यावर घेऊन गावातून फिरवलं. झालं! एवढ्या भांडवलावर ह्या माणसानं पुढचा सगळा जन्म काढला. लक्ष्मणराव जाऊनही आता बराच काळ झाला, पण काकांच्या तोंडी ते दर मंडईला नव्यानं हरतात. त्याच्या आधी आणि नंतर काका स्वतः किती हरले, ते मात्र कोणी काढायचं नाही. हरायचेच. एका प्याद्याला जपण्यासाठी घोडा द्यायचा, उंट द्यायचा, राजाला उघडा टाकायचा, असला खेळ. मोहरे लवकर बाहेर काढा, पटाचा मधला भाग धरा, राजाला आधी आडोशाला न्या, ह्या शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी सांगायच्या गोष्टी. काकांना सांगायला गेलो तर पालथ्या घड्यावर पाणी. आमच्या सत्यभामाकाकू म्हणतात, "धानाच्या बांधीत एवढे शायने मानूस, अन् पटावर बसले का झपाटल्यावानी करतेत."

अंजू ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिला खेळ शिकवला तो काकांनीच, हे श्रेय मी त्यांच्याकडून काढून घेणार नाही. लहानपणी ती त्यांच्या मांडीवर बसून पारावरचे डाव पाहायची. पण पोरगी हुशार निघाली. कॉलेजात जायला लागल्यावर ती येता-जाता माझ्या दुकानात थांबायला लागली आणि माझ्याकडच्या एका जुन्या मोबाइलवर जगाच्या नियमांनी खेळायला शिकली. एकाच घोड्यानं राजा आणि हत्ती दोघांवर एकदम मारा कसा धरायचा, समोरच्याचा मोहरा त्याच्याच राजापुढे असा कसा बांधून टाकायचा की त्याला हलता येऊ नये, ज्याच्या वाटेत कोणी नाही असं मोकळं प्यादं मागून हत्तीचा आधार देऊन कसं पुढे काढायचं, हे सगळं तिनं आपलं आपण उचललं. प्रत्येक चालीआधी ती तोंडातल्या तोंडात पुटपुटायची, "शह, मार, धाक." आधी पाहायचं, शह देता येतो का. मग, काही मारता येतं का. मग, कशाचा धाक घालता येतो का. आणि हेच तिन्ही समोरच्याला आपल्यावर करता येतं का. दुकानात आलेली गिऱ्हाइकं तिला चिडवायची, "काय वो, मंत्र म्हनून राहिली का?" ती हसायची आणि मान वर न करता खेळायची.

मग पारावर तिला हरवणारा कोणी उरला नाही. काकाही हरायचे. पण तिनं वजिरानं मात केली असेल तर ते हात झटकून उठायचे. "वजिरानं ना? थे काही मोजू नोको." पोरीचं तोंड उतरायचं. मला त्यांचा संताप यायचा. बाहेर कोणी एवढं खेळलं असतं तर ह्याच माणसानं तोंडभरून कौतुक केलं असतं.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी नागपूरला विदर्भातल्या मुलींची स्पर्धा लागली. पहिल्या येणाऱ्या मुलीला तिथली एक संस्था ठेवून घेणार होती. राहणं, जेवण, कॉलेज आणि शिकवायला चांगला शिक्षक, सगळं त्यांचं. अंजूच्या डोळ्यांत ते इतकं भरलं की तिला दुसरं काही सुचेना. पण त्याच सुमारास दिघोरीहून तिच्यासाठी स्थळ आलं होतं. मुलगा योगेंद्र, घरची धानाची शेती, माणसं नाव ठेवायला जागा नाही अशी. काकूंनी दोघांना समोरासमोर बसवलं आणि म्हटलं, काय ते एकदा ठरवा.

काका म्हणाले, "पयली आली त जाय नागपूरले. मी आडवा येनार नाई. नाई आली त दिघोरीवाल्याइले हो म्हनीन."

"जबान देता, बाबा?"

"वासुदेवानं जबान देली, जाय."

मी तिथंच होतो. काकांच्या मनात खोट होती असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्यांना पोरगी जिंकायलाच हवी होती. फक्त कशी जिंकायची, ते त्यांना ठरवायचं होतं.

स्पर्धेला तिच्याबरोबर काका आणि मी गेलो. अंजू असं काही खेळली की दुसऱ्या गावांची माणसं येऊन विचारायला लागली, ही कुठली मुलगी. शेवटच्या फेरीला तिची गाठ नागपूरच्याच रीना नावाच्या मुलीशी पडली. रीना अर्ध्या गुणानं पुढे होती. म्हणजे रीनाला बरोबरीसुद्धा पुरणार होती. अंजूला जिंकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

आत जायच्या आधी काकांनी खिशातून कागदाची पुडी काढली. मला वाटलं, देवाचा अंगारा असेल. उघडली तर गुलाल.

"पटावरच्या प्याद्याले पंच हात लावू देनार नाई," ते म्हणाले. "म्हनून तुह्या बोटाले लावतो." आणि त्यांनी तिची उजव्या हाताची करंगळी धरली.

"बाबा, आज नोको जी."

"कायले नोको? अख्ख्या नागपुरासमोर माह्या पोरीनं प्याद्यानं मात केली, असं मले गावात सांगू दे ना वो, माय."

मी मध्ये पडलो. "काका, तिले कशानं बी जिंकू द्या ना. आज तरी हे सोडा."

"तू मोबाइल दुरुस्त कर," काका म्हणाले आणि पोरीचं बोट चांगलं लाल केलं.

उन्हाळ्याचे दिवस, तळहाताला घाम आलेला. आत जाताना अंजूनं तो हात ओढणीत धरला होता.

खेळायच्या हॉलला काचेची भिंत होती आणि घरच्यांना बाहेरूनच पाहायची मुभा होती. काका काचेला नाक लावून उभे राहिले. अंजू त्या दिवशी खेळली तसं मी तिला कधी खेळताना पाहिलं नाही. घाई नाही, लोभ नाही. रीनानं राजाला किल्लेकोटात नेऊन ठेवला, तरी हिनं लगेच हल्ला केला नाही. आधी तिचा एक घोडा वजिरापुढे बांधून टाकला, त्याच्यावर मोहऱ्यामागून मोहरा लावला आणि शेवटी तो फुकटात घेतला. एका मोहऱ्यानं वरचढ झाल्यावर ती शहाण्या माणसासारखी बरोबरीचे मोहरे एकमेकांत कापत गेली, कारण गर्दी कमी झाली की आपला एक जास्तीचा मोहरा अधिक भारी होतो. होता होता रीनाकडे राजा आणि एक प्यादं उरलं. ते प्यादंही अंजूच्या दुसऱ्या प्याद्याला थडकून जागीच अडलेलं. रीनाचा राजा कोपऱ्यातल्या घरात. अंजूचा राजा, वजीर आणि पुढे गेलेलं एक प्यादं, असे तिघं त्याच्या तोंडावर.

चाल अंजूची होती. वजीर सरळ वरच्या शेवटच्या ओळीत नेला की शह, आणि कोपऱ्यातल्या राजाला सुटायला एकही घर नाही. मात. माझ्यासारख्या कच्च्या खेळाडूला काचेबाहेरून दिसत होती. रीनालाही दिसत होती. तिचे खांदे पडले होते.

अंजूचा हात वजिराकडे गेला आणि वरच्यावर थांबला. तिनं आपल्या करंगळीकडे पाहिलं. मग काचेकडे पाहिलं. मग तिनं राजा उचलला आणि एक घर पुढे, प्याद्याच्या जवळ ठेवला.

तिच्या मनातलं मला लख्ख कळलं. आता राजा प्याद्याच्या पाठीशी आला. पुढच्या चालीला प्यादं एक घर सरकवायचं, की प्याद्यानंच मात. काकांनाही कळलं. ते "वा रे माही वाघीन" असं काहीतरी बोलले.

रीना पटाकडे बघत राहिली आणि मग तिनं हात वर करून पंचाला बोलावलं. तिच्या राजाला शह नव्हता. पण बाजूची घरं अंजूच्या राजानं आणि प्याद्यानं धरली होती, तो हलू शकत नव्हता. तिचं प्यादं अडलेलं. तिच्याकडे चालच नव्हती. पंचानं पट पाहिला, घड्याळ थांबवलं आणि बरोबरी लिहिली. रीना पहिली आली.

तेव्हा काका काचेवर हात आपटून ओरडायला लागले. "वाट दे ना वो! चाल मांगं घे अन् वाट दे!" लोक वळून पाहायला लागले. आत त्यांचा आवाज पोचला असेल की नाही कोण जाणे. अंजू हात मांडीवर ठेवून बसून होती. मला लाज वाटली आणि रडूही आलं.

परत येताना काका एसटीत पुढच्या बाकावर बसून शेजारच्याला सगळा डाव समजावून सांगत होते. अंजू माझ्याजवळ बसली होती. ओढणीच्या टोकानं करंगळी पुसत होती, पण घामानं तो रंग कातडीत बसला होता.

"दिसत होती, दादा," ती म्हणाली. "वजीर वर नेला का मात. दिसत होती मले."

"मंग काहून नाई नेला?"

"बाबा काचेले नाक लावून उभे होते."

भंडारा येईपर्यंत ती ते बोट पुसतच राहिली.

गावात पोचल्यावर काकांनी पेढे वाटले. तुम्ही म्हणाल, कशाचे? तर पोरगी जिंकल्याचे! पारावर बसून ज्याला त्याला सांगायला लागले, "आपल्या नियमानं त माही पोरगी जिंकलीच. वाट देल्ली असती अन् दुसऱ्याच चालीले प्याद्यानं मात होती. नागपूरवाल्याइचे नियमच खोटे." लोकांनीही मान डोलावून पेढे खाल्ले. पेढा खाताना कोण कशाला वाद घालतो?

मग एक दिवस माझ्याच दुकानातल्या फोनवर त्या संस्थेतल्या बाईंचा फोन आला. त्यांनी अंजूचे सगळे डाव पाहिले होते. म्हणाल्या, दुसरी आली तरी हरकत नाही, आम्ही तिला घेतो, पाठवा. मी दुकान उघडं टाकून काकांच्या घरी धावलो. अंगणात काका धानाच्या पोत्याला टेकून बसले होते, काकू तांदूळ निवडत होत्या, अंजू चुलीपाशी होती. मी सांगितलं. अंजू तशीच उठून बाहेर आली.

काका म्हणाले, "अट पयलीची होती."

"बाबा," अंजू म्हणाली, "मी जिंकली का हारली?"

"जिंकली ना वो माय! आपल्या नियमानं जिंकलीच!"

"मंग मले नागपूरले पाठवा."

"थे कसं? तिथं पयलं नाव त त्या पोरीचं लागलं."

"म्हनजे मी हारली."

"हारली कायले म्हंतं? माही पोरगी हारत नाई."

"मंग दिघोरीले काहून धाडून राहिले?"

काका उठले. अंगावरचा भुसा झटकत म्हणाले, "दिघोरीवाल्याइले हो म्हनून बसलो. बापाची जबान हाय. पोरीच्या जातीनं एवढं तोंड चालवू नाई." आणि पायात चपला घालून पाराकडे निघून गेले. काकूंच्या हातातलं सूप तसंच राहिलं होतं. त्या काही बोलतील म्हणून मी वाट पाहिली. त्या पुन्हा निवडायला लागल्या.

मिरवायला देशी नियम आणि अडवायला जगाचा! मी काकांशी भांडलो, दुकानात त्यांना चहा देणं बंद केलं. ते टपरीवर प्यायला लागले. सुंभ जळला तरी पीळ जाईल तर शपथ.

लग्न उन्हाळा सरायच्या आत उरकलं. योगेंद्र भला माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर उगाच त्याच्यावर संशय जाईल. तो अंजूला नीट वागवतो. त्याला बुद्धिबळ येत नाही, आणि त्या घरात कोणालाच येत नाही. मी रुखवतावर एक पट आणि मोहऱ्यांची पेटी ठेवली होती. ती दिघोरीला कपाटावर आहे, असं योगेंद्रनंच मला सांगितलं.

दिवाळीनंतर मंडईला अंजू आली. धानाच्या रोवणी-कापणीत दिवसभर वाकून काम केलेलं दिसत होतं, हात राठ झाले होते. काकांना आनंद झाला होता, आणि तो खरा होता. हेच तर ह्या माणसाचं अवघड आहे. पांढरा सदरा घालून ते तिला हाताला धरून पारावर घेऊन आले. पट मांडला. पांढरे मोहरे तिच्या बाजूला लावले आणि गुलालाची पुडी काढून आपल्या हातानं तिच्या एका प्याद्याला गुलाल लावला.

"आज माही पोरगी बापाले मारन," त्यांनी जमलेल्यांना सांगितलं. "अन् थे बी प्याद्यानं!"

गर्दी वाढली. शेजारच्या गल्लीत दंडारीचा ढोल चालू होता, तिथलीही माणसं आली. अंजू खाली मान घालून खेळत होती. ती काही पुटपुटत नव्हती. दिघोरीला जाऊन तिचा खेळ सुटला असेल, असं मला वाटलं होतं, पण तो जसाच्या तसा होता. आणि काका? काका जन्मात पहिल्यांदा अंजूच्या वजिराला, हत्तीला हवं तिथून जाऊ देत होते. लाल प्याद्याच्या वाटेत येणारा स्वतःचा प्रत्येक मोहरा ते बाजूला घेत होते. हरायला ते इतके आतुर झालेले मी कधी पाहिले नव्हते. शेवटी त्यांचा राजा कोपऱ्यात गेला आणि लाल प्यादं त्याच्या दारात येऊन उभं राहिलं. एक घर सरकवलं की मात. लोक पटावर वाकले. काका हसत होते.

अंजूनं वजीर उचलला, शेवटच्या ओळीत नेऊन ठेवला आणि म्हणाली, "मात."

क्षणभर कोणाला काही उमगेना. मग मागून कोणीतरी ओरडलं, "हारली! गुलालवाली हारली!" पोरं टाळ्या पिटायला लागली. रीतीप्रमाणे काका जिंकले होते.

"प्याद्यानं होत होती ना, वो माय," काकांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "समोरच होती."

"दिसत होती, बाबा." ती उठली, पदर खांद्यावर घेतला. ओरडली नाही, रडली नाही, साधं विचारलं. "तुमच्या नियमानं जिंकली तवा तुमी मले दिघोरीले धाडलं. आता तुमच्याच नियमानं हारली. आता कुठं धाडता?"

अंजू चपला घालून घराकडे निघाली, आणि मी तिच्यामागं गेलो. कोपऱ्यावरून वळून पाहिलं तर काका ते लाल प्यादं चिमटीत धरून बसले होते, आणि लोक एकेक करून दंडारीकडे सरकत होते. कोणी त्यांना जुना डाव विचारला नाही आणि त्यांनीही सांगितला नाही. त्या मंडईला लक्ष्मणराव हरले नाहीत.